संचिता घवाळीची पहिली नोकरी

संचिता घवाळीला पहिली नोकरी लागली तेव्हा तिच्याकडे नर्सिंगचं रजिस्ट्रेशन नव्हतं. परीक्षा ती पहिल्या वर्गात पास झालेली. पण दहावीच्या दाखल्यावर गावच्या शाळेने तिचं नाव 'सांचिता' लिहून ठेवलेलं आणि बाकी सगळ्या कागदांवर संचिता. नर्सिंग कौन्सिलकडून अर्ज परत आला, नावाची दुरुस्ती करून पाठवा म्हणून. शाळा लांज्याला, हेडमास्तर बदलून गेलेले. एका काना-मात्रेपायी पोरगी पाच महिने अडकली.

घवाळी आमच्या समोरच्या घरात राहतात, वर्तकनगरला. संचिताचे वडील महिपत खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. हे सगळं मला थोडं त्यांच्याकडून कळलं, बरंचसं तिच्याकडूनच.

ठाण्यातल्या चार हॉस्पिटलांत ती मुलाखतीला गेली. चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच.

"नंबर?"

"अप्लाय केलंय, मॅडम."

"आला की या."

शेवटी कल्याण पूर्वेला एका पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात तिला घेतलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "नंबर येईल तेव्हा येईल. तोवर ट्रेनी म्हणून लाग. पेशंटने विचारलं तर मात्र सिस्टर म्हणायचं." तिने कॉलेजच्या हेमा टीचरना फोन केला.

"संचिता, नंबर नसताना नर्स म्हणून उभं राहू नये, हे मी तुला पुन्हा शिकवायला हवं का?" टीचर म्हणाल्या.

"टीचर, घरी बसून हात विसरतील माझे."

मग टीचर म्हणाल्या, "जायचंच असेल तर जे करशील ते कुणाच्या सांगण्यावरून केलंस आणि किती वाजता केलंस, हे लिहून ठेवत जा. स्वतःच्या वहीत."

संचिताने खिशात मावेल अशी छोटी वही घेतली. वॉर्डातली आया गंगुबाई तिला हसायची. गंगुबाई आगरी, पन्नाशीची, अंगाने दणकट. "सगलंच लिवतंस गो बाय," म्हणायची, "मी चा कधी दिला तो पन लिव."

मार्चमधला मंगळवार होता. अकरा वाजता गुरुदत्त नावाचा एक्केचाळीस वर्षांचा माणूस बायकोचा हात धरून जिना चढून वर आला. कपाळावर घाम, डावा जबडा हाताने धरलेला. दात दुखतोय असं वाटेल कुणालाही. ड्युटीवरच्या डॉक्टर साकेतने ईसीजी काढला आणि पट्टी हातात घेऊन तो बायकोला म्हणाला, "वहिनी, मोठा अटॅक आहे. इथे होणार नाही. ठाण्याला हलवायला लागेल, आत्ताच्या आत्ता." संचिताने साकेतच्या सांगण्यावरून गोळ्या चावायला दिल्या, सुई लावली, वहीत वेळ लिहिली. अकरा दहा. साडेअकराला अँब्युलन्स खाली येऊन उभी राहिली.

बायकोचं नाव भावना. तिने दिराला फोन लावला. दीर सुदेश फोनवर इतक्या जोरात बोलत होता की वॉर्डभर ऐकू गेलं. "मी येईस्तोवर कुठे हलवायचं नाही! फसवतात हे लोक!"

"अहो, थांबू नका," संचिता भावनाला म्हणाली. "ते तिकडे येतील ना डायरेक्ट."

"माझं ऐकणार नाहीत ते," भावना म्हणाली. साकेत दोनदा सांगून गेला. सही द्यायला ती घाबरत होती. नवरा खाटेवरून म्हणाला, "येऊ दे त्याला. बरं वाटतंय आता."

पावणेबाराला त्याचे डोळे फिरले.

संचिताने नाडी बघितली, हाक मारली आणि दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवले. शॉक द्यायचं मशीन दुरुस्तीला गेलेलं होतं. साकेत डोक्याशी श्वासाचा फुगा दाबत होता, इंजेक्शनं देत होता. संचिता मोठ्याने आकडे मोजत दाबत होती. दोनेक मिनिटांत तळव्याखाली कडकन आवाज झाला. पुतळ्यावर शिकताना हा आवाज कुणी ऐकवलेला नव्हता. मग दुसरा. ती थांबली नाही. साकेतने आलटून हात दिला, परत ती आली. पडदा ओढायला कुणाला सुचलं नव्हतं आणि दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं.

सुदेश सात-आठ जणांना घेऊन आला तो त्या काचेशी. त्याला दिसलं ते एवढंच, की एक मुलगी स्टुलावर चढून आपल्या भावाच्या छातीवर सगळं वजन टाकून दणके देतेय आणि भाऊ हलत नाहीये. बरोबरच्या एकाने मोबाइल काढला.

बारा वाजून बावीस मिनिटांनी साकेतने मान हलवली. मोठे डॉक्टर तोवर ओपीडीतून वर आले होते. त्यांनी दाराबाहेरची गर्दी बघितली, साकेतच्या दंडाला धरलं आणि मागच्या दाराने त्याला ऑपरेशन थिएटरात नेलं. कडी लागल्याचा आवाज संचिताने ऐकला. आपल्यालाही हाक मारतील असं तिला वाटलं. ती दोन पावलं गेलीही. तेवढ्यात काच फुटली.

"हिनेच मारलं! छातीवर बसून मारलं साल्लीने!"

पहिली थप्पड सुदेशची, डाव्या कानावर. कानात काहीतरी फाटलं आणि नंतर त्या बाजूने नुसती शिट्टी. दुसऱ्याने केस धरून तिला खाली ओढलं. फरशीवर काचा होत्या, त्यांवरून ती गुडघ्यांनी फरफटत गेली. कुणीतरी सलाईनचा स्टँड उचलला. तिने डोक्यावर हात घेतला आणि लोखंड मनगटावर बसलं. आपलंच हाड मोडलेलं तिला त्या क्षणी कळलं, कारण आवाज तोच होता.

भावना ओरडत होती, "अहो, नका! भाऊजी, नका!" तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

गंगुबाई मोरीतून फरशी पुसायचा दांडा घेऊन धावली. "पोरीला हात लावतंस? मेल्या!" असं म्हणत तिने सुदेशच्या पाठीत एक आणि मोबाइलवाल्याच्या खांद्यावर एक घातला. चौघांनी मिळून तिला भिंतीवर आपटलं. दांडा हिसकावून तिच्याच कोपरावर मारला, ती पडल्यावरही मारला. बाकी लोक कपाटं पाडत होते. औषधांच्या बाटल्या फुटून वॉर्डात स्पिरिटचा वास भरला. केसपेपर टराटरा फाडून खिडकीतून फेकले.

कोपऱ्यातल्या खाटेवर दम्याचे एक आजोबा होते, ऑक्सिजनवर. गडबडीत कुणाच्या तरी पायात नळी अडकून मास्क उडाला. आजोबांचे ओठ निळे पडायला लागले. संचिताला ते खाटांखालून दिसलं. ती तशीच सरपटत गेली. पाठीत लाथा बसत होत्या, एक बरगडीत बसली. उजव्या हाताने तिने नळी खेचली, दातांत धरली, मास्क आजोबांच्या तोंडावर बसवला आणि त्यांच्या अंगावर आडवी पडली. दोन फटके आणखी बसले. मग बहुतेक मारणाऱ्यालाच म्हातारा दिसला असावा. हात थांबले.

पोलिस आले तेव्हा ती तिथेच होती. हवालदारांनी तिला उठवून पाणी दिलं, नाव विचारलं. मग विचारलं, "सिस्टर ना तुम्ही? रजिस्ट्रेशन नंबर काय?"

ती रडली ती तेव्हा.

मनगटाला प्लास्टर, कानाचा पडदा फाटलेला, गुडघ्यांना अकरा टाके. गंगुबाईचं कोपर तीन ठिकाणी मोडलं. इकडे तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत फिरला. 'नर्सने पेशंटला चिरडून मारलं.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. पाठवणाऱ्याला माहीत नव्हतं की ती मुलगी आमच्याच सोसायटीत राहते.

चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः वर्तकनगरला आले. महिपत डेपोतून नुकते आलेले, कपड्यांना ग्रीस. आई कलावती पाणी घेऊन बाहेर आली. डॉक्टरांनी टाइप केलेला कागद टीपॉयवर ठेवला. संचिता हॉस्पिटलची नर्स नव्हती, शिकायला म्हणून येत होती, छाती दाबण्याचा निर्णय तिने कुणाला न विचारता घेतला, असं त्यावर लिहिलेलं.

"सही कर, बाळा," डॉक्टर म्हणाले. "तुझ्याच भल्याचं आहे. रजिस्ट्रेशन नसताना तू काम केलंस हे कौन्सिलला कळलं तर जन्मात नंबर मिळणार नाही. अनुभवाचं पत्र मी देतो."

"कडी कुणी लावली?" संचिताने विचारलं.

"काय?"

"थिएटरची कडी, सर. तुम्ही लावली की साकेत सरांनी?"

डॉक्टरांनी कागद तिच्याकडे सरकवला. महिपतना सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं. त्यांनी डॉक्टरांची कॉलर धरून त्यांना खुर्चीतून उचललं आणि दारावर दाबलं. दाराजवळच्या पिशवीतला मोठा पाना त्यांच्या हातात आला. मी आवाज ऐकून बाहेर आलो तेव्हा तो पाना डॉक्टरांच्या कानाशी होता आणि डॉक्टरांचा चष्मा जिन्यात.

"बाबा, सोडा," संचिता म्हणाली. "बाबा! माझ्या एका कानाला ऐकू येतंय अजून. त्यात आता आणखी कुणाचं ओरडणं नको."

पाना खाली आला. डॉक्टर चष्मा न उचलताच गेले. कागद तिथेच राहिला. तो तिने फाडला नाही, पोलिसांना द्यायला म्हणून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती चौकीवर गेली आणि जबाब दिला. नंबर नाही, ट्रेनी म्हणून काम करत होते, गोळ्या साकेत सरांच्या सांगण्यावरून अकरा दहाला, छाती दाबायला सुरुवात पावणेबाराला, मृत्यू बारा बावीसला. वही पुढे ठेवली. केसपेपर नव्हते, वही होती. खाली सही करताना तीन वर्षांचं शिक्षण आपण आपल्या हाताने बुडवतोय असं वाटत होतं, असं ती म्हणते. शवविच्छेदनात अटॅकच निघाला. दोन बरगड्या मोडलेल्या, त्या उपचारात मोडतात असं लिहून आलं. सुदेशला अटक झाली आणि बारा दिवसांनी जामीन.

रजिस्ट्रेशन जूनमध्ये आलं. नावाची दुरुस्ती मंजूर झाली होती. कल्याणच्या कामाबद्दल तिने कौन्सिलला स्वतःच पत्र लिहिलेलं. तोंडी समज मिळाली, पुन्हा असं करू नका, एवढीच. मग ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात मुलाखत झाली. मेट्रनने नंबर लिहून घेतला, मग म्हणाल्या, "मान डावीकडे वळवून का ऐकतेस?"

"डावा कान अर्धा गेलाय, मॅडम. मारलं होतं."

मेट्रनने पेन खाली ठेवलं. "ओपीडीत देऊ का? शांत असतं."

"कॅज्युअल्टी द्या."

"पुन्हा मारतील."

"माहितीये," संचिता म्हणाली.

आणि मारलंच. पहिल्याच महिन्यात डोकं फुटलेल्या एका दारुड्याने टाके घालताना तिच्या दंडाला चावा घेतला, रक्त येईपर्यंत. तिने इंजेक्शन घेतलं, दंडाला पट्टी बांधली, त्याचे उरलेले टाके घालायला डॉक्टरला मदत केली आणि स्वतः रीतसर तक्रार लिहून खाली नंबरासकट सही केली.

ऑगस्टमध्ये चौकीतून फोन आला, पुरवणी जबाबासाठी. ती गेली तर बाकावर भावना बसलेली. पांढरी पडलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. संचिताला वाटलं उठून जावं. भावनाच बोलली.

"एक विचारू? बरगड्या मोडल्या तेव्हा त्यांना दुखलं का?"

"नाही, ताई. त्यांना शुद्धच नव्हती."

"मग एवढा वेळ कशाला दाबत होतीस?"

"मी थांबले असते तर ते नक्की गेले असते. दाबत होते तोवर थोडी आशा होती."

भावना पिशवीच्या गाठीशी खेळत राहिली. "मी सांगितलं आत्ता आत," ती म्हणाली. "भाऊजींनी थांबवलं म्हणून उशीर झाला. आणि तुला कुणी कुणी मारलं तेही. नावं घेऊन सांगितलं."

दोघी बरोबरच बाहेर पडल्या. सुदेश समोरच्या चहाच्या टपरीवर होता. वहिनी चौकीत गेल्याचं त्याला कुणीतरी कळवलेलं. रस्ता ओलांडून तो सरळ आला आणि काही न बोलता हातातला काचेचा ग्लास त्याने भावनाच्या तोंडावर फोडला. भुवईवरून रक्ताची धार लागली. दुसरा हात उचलला तेव्हा संचिता मध्ये गेली. तो ठोसा तिच्या खांद्यावर बसला, ती पडली नाही. दोन्ही हातांनी तिने त्याचं मनगट धरून ठेवलं. सुदेश ओरडत होता, "घरचं माणूस असून! घरचं माणूस असून!" आणि मधेच लहान पोरासारखा रडायला लागला. हवालदार धावत आले, त्यांनी त्याला आत नेलं. पुढे त्याचा जामीन रद्द झाला.

संचिताने भावनाला चौकीच्या पायरीवर बसवलं. ओढणीची घडी करून भुवईवर दाबली. "डोळा उघडा. बोटं किती?"

"दोन."

"बरोबर. काच आत नाहीये. पाच-सहा टाके पडतील."

"मला घरी जायचं नाही," भावना म्हणाली.

"घरी नाही जायचं. आधी टाके, मग तुमच्या माहेरी फोन लावू."

दोन वाजताची ड्युटी होती. तिने एका हाताने मोबाइल काढून उजव्या कानाला लावला. "इन्चार्ज मॅडम, घवाळी बोलतेय. मला उशीर होईल. पेशंट घेऊन येतेय."