काच कापणाऱ्याचं डोकं

माझे सासरे काच कापतात. खिडक्यांची, कपाटांची, तसबिरींची, आरशांची. एवढं सांगितलं की लोक "अच्छा" म्हणतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात, तेव्हा मला राग येतो. एकदा दुकानात येऊन बघा म्हणावं. मोठ्या टेबलावर जाड कांबळं अंथरलेलं असतं. त्यावर काच आडवी ठेवायची, पट्टी लावायची आणि टोकाला हिरा बसवलेली कलम एका दमात वरून खालपर्यंत ओढायची. हात मधेच थबकला तर काच वाया. त्याच रेघेवरून कलम पुन्हा फिरवायची नाही, कारण मग काच तिला वाटेल तिकडे तडकते. रेघ नीट उमटली की कडेला धरून हलकासा दाब द्यायचा, बस्स. बाबांच्या हातून काच बिनबोभाट दुभंगते.

त्यांनी सत्तरी कधीच ओलांडली. दुकान त्यांचं आणि त्यांच्या भागीदाराचं. भागीदार चौकटी जोडतो, बाबा काच कापतात आणि दोघं दिवसभर एकमेकांची खोड काढत बसतात. घरी आले की मात्र बाबा गरीब गाय. घरात सत्ता सासूबाईंची.

सासूबाईंचा सगळ्यात मोठा विजय म्हणजे बाबांचा चहा. चार वर्षांपूर्वी बाबांच्या पोटात व्रण, म्हणजे अल्सर, निघाला आणि डॉक्टरांनी चहा बंद करायला सांगितलं. दिवसाकाठी किती कप होतात हे तोवर बाबांनी कधी मोजलंच नव्हतं. सासूबाईंनी त्यांना समोर बसवून एकदाच बजावलं आणि बाबांनी कानाला खडा लावला. हा प्रसंग सासूबाई कुणालाही ऐकवतात. शेजारणीला, भाजीवाल्याला, डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या परक्या बाईलासुद्धा. "माझ्या एका शब्दावर सोडला हो. पुन्हा थेंबाला शिवले नाहीत." बाबा बाजूला उभे राहून मान डोलावतात. आम्ही सुना-मुलं ही कथा इतक्यांदा ऐकून बसलोय की झोपेतही म्हणून दाखवू.

मी एका मोठ्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिथल्या फलकावर एक दिवस कागद लागला: अभ्यासासाठी साठीच्या पुढची निरोगी माणसं हवीत. मेंदूची तपासणी, सुई नाही, औषध नाही. मी घरी येऊन सहज बोलले आणि बाबा एकदम म्हणाले, "माझं नाव घाल."

"कशाला उगाच?" माझा नवरा म्हणाला.

"माझ्या डोक्याचा फोटो काढणार म्हणतायत. चौकट घरचीच आहे."

बाबांनी विनोद केला, पण ते का हो म्हणाले हे आम्हा सगळ्यांना कळलं. त्यांचे थोरले भाऊ, आमचे दादा, शेवटची काही वर्षं स्वतःचेच उरले नव्हते. एकदा ते शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून कुलुपात आपली किल्ली खुपसत होते आणि कुलूप कुणी बदललं म्हणून ओरडत होते. बाबांनीच त्यांना हाताला धरून घरी आणलं. शेवटी शेवटी दादा बाबांना "तुम्ही कोण?" असं विचारायचे, तेही अगदी अदबीनं. ती अदब बाबांना सहन व्हायची नाही. ते जिन्यात जाऊन उभे राहायचे.

अभ्यासाचं काम बघणारी मुलगी चष्मेवाली, चटपटीत आणि मनाने चांगली होती. तिने पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं. "काका, तुमच्या मेंदूला दर मिनिटाला किती रक्त पोचतं ते आम्ही मोजणार. मग काही आठवड्यांनी पुन्हा, काही महिन्यांनी पुन्हा. धडधाकट माणसाचं ते तेवढंच राहतं का, हे आम्हाला आधी पक्कं कळायला हवं. तरच उद्या कुणाचं कमी झालेलं दिसलं, तर ते खरंच कमी झालंय असं म्हणता येईल."

"म्हणजे मी तुमची पट्टी," बाबा म्हणाले. ती हसली.

पहिल्या दोन तपासण्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी झाल्या. त्या मशीनमध्ये आडवं पडायचं, मान हलवायची नाही आणि ठोकाठोकीचा आवाज ऐकत राहायचं. दोन्ही वेळेला बाबा डोकं धरून बाहेर आले. सासूबाईंनी मशीनला नावं ठेवली. पण सुट्टीच्या दिवशी बाबांचं डोकं तसंही दुखतंच. काम नसलं की त्यांना चैन पडत नाही, अशी आमची समजूत होती. दोन्ही वेळचे आकडे जवळपास सारखे निघाले. चष्मेवाली म्हणाली, "काका, असं स्थिर डोकं तरुणांनाही मिळत नाही." ते वाक्य बाबांनी भागीदाराला इतक्यांदा ऐकवलं की तो म्हणे वैतागून खिळे मोजायला लागला.

तिसरी तपासणी काही महिन्यांनी होती. मशीन मोकळं नव्हतं म्हणून ती कामाच्या दिवशी आली. बाबा सकाळी दुकान उघडून तिथूनच परस्पर आले, सासूबाई घरून आल्या आणि मी माझ्या खिडकीवरून उठून गेले. मुलीने नेहमीचे प्रश्न वाचले. झोप लागली का, विडी-सिगारेट, सकाळपासून चहा-कॉफी?

"चहा?" बाबा म्हणाले. "चार वर्षांत थेंब नाही."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि कौतुकाने इकडेतिकडे पाहिलं.

चार दिवसांनी फोन आला. "काका, एकदा पुन्हा यावं लागेल. या वेळचा आकडा बराच खाली आलाय. काळजी करू नका." काळजी करू नका म्हटलं की माणूस दुसरं काय करतो? नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो आकडा मीच खाली ओढला होता. "कुणी सांगितलं होतं नाव द्यायला?" तो म्हणाला. रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

तिथून पुढे घरात कुणी सरळ वागेना. आम्ही सगळे बाबांवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवू लागलो. त्यांनी चष्मा शोधला की आमची पाचावर धारण. तसा चष्मा ते लग्नाच्या आधीपासून शोधतायत असं सासूबाईच सांगतात, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात येईना. एकदा त्यांनी मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते मला पहिल्या दिवसापासून अधूनमधून त्याच नावाने हाक मारतात.

बाबा काही बोलत नव्हते, पण त्यांच्या डोक्याला भुंगा लागला होता. संध्याकाळी गॅलरीत बसून ते पुटपुटायचे. मी एकदा कान दिला, तर ते जुन्या गिऱ्हाइकांच्या खिडक्यांची मापं आठवत होते. एखादं अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आणि दाराशी आले की किल्ली हातात घेऊन ते क्षणभर थांबायचे, दारावरच्या पाटीवर आमचंच आडनाव आहे ना ते वाचायचे आणि मगच कुलूप उघडायचे. हे मी बघितलंय हे त्यांना माहीत नव्हतं.

मग तो आरसा फुटला. मी कामावरून परतताना दुकानात डोकावले होते. एका केशकर्तनालयाचा भिंतभर आरसा टेबलावर होता. बाबांनी पट्टी लावली, कलम ओढली आणि मधेच त्यांचा हात थबकला. त्यांनी रेघेकडे बघितलं. आणि मग ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, त्यानेच त्याच रेघेवरून पुन्हा कलम फिरवली. आरसा आडवा तडकला. भागीदाराच्या तोंडून चेष्टेचा एक शब्द निघाला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाबांनी कलम पुसली, तिच्या पत्र्याच्या डबीत ठेवली आणि डबी भागीदाराकडे सरकवली. "तुझ्याकडे ठेव. चौथ्या तपासणीतही तेच निघालं तर मी टेबलाला हात लावणार नाही." घरी येताना रस्त्यात ते मला म्हणाले, "आमच्या दादालासुद्धा आधी हिशेब जमेनासे झाले होते. किल्लीचं फार नंतर." मी त्यांचा हात धरला. एरवी त्यांनी सोडवून घेतला असता.

चौथ्या तपासणीच्या दिवशी बाबांना घरूनच न्यायचं ठरलं होतं. पण ते पहाटेच उठले आणि केशकर्तनालयवाल्याला तोंड दाखवून येतो म्हणून दुकानात गेले. इस्पितळात आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. रुमालाने मिशा पुसत ते आमच्या शेजारी बसले. चष्मेवालीने प्रश्न वाचायला घेतले आणि चहा-कॉफीपाशी आली.

"थेंब नाही," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"नक्की ना काका? मागच्या वेळी मी नुसतंच विचारलं, का विचारते ते सांगितलं नाही. चहा-कॉफीने मेंदूकडे जाणारं रक्त काही तास बरंच कमी होतं. आकडा खाली यायला तेवढंही पुरतं. बाकी काही कारण सापडलं नाही तर पुढच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल, म्हणून पुन्हा विचारलं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण ते मिठाची गुळणी धरून बसले. मुलीने कागदावर खूण करायला पेन टेकवलं.

"घेतलाय त्यांनी," सासूबाई म्हणाल्या.

मुलगी थांबली.

"आत्ता इथे यायच्या आधी घेतलाय. मागच्या खेपेलाही घेतला होता. रोज घेतात, दुकानात. सुट्टीच्या दिवशी मिळत नाही, म्हणून डोकं धरून बसतात."

"अगं..." बाबा म्हणाले.

"काय अगं? चार वर्षं तुमचे रुमाल कोण धुतंय? मिशा पुसता त्या रुमालाने. डाग चहाचे आहेत की काचेचे, तेवढं मला कळतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंना मान खाली घालून बोलताना पाहिलं. जी गोष्ट त्यांनी भाजीवाल्यापासून सगळ्यांना ऐकवली होती, ती त्या एका परक्या मुलीसमोर आणि सुनेसमोर स्वतःच्या हाताने मोडत होत्या. बोटं पदराशी चाळा करत होती. मला त्यांची दया आली आणि बाबांचा इतका राग आला की काय सांगू.

"बाबा, आम्ही इतके दिवस मरत होतो!" मी बोलून गेले. "तुम्हाला बोलता आलं नाही?"

"आधी मला ठाऊकच नव्हतं की चहाने असं होतं. मला वाटलं, हिनेच त्यांना चहाचं विचारायला लावलंय."

"पण आत्ता? आत्ता कळलं ना? तरी गप्प बसलात? तुम्हाला दादांसारखं झालंय असं लिहिलं असतं त्यांनी!"

बाबांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही सगळ्या जगाला सांगते, माझ्या एका शब्दावर सोडला म्हणून. ते खोटं पडलं असतं."

सासूबाईंनी वर बघितलं. काही बोलल्या नाहीत. ओला डोळा पुसायला त्यांनी बाबांचाच रुमाल ओढून घेतला, त्यावरचा ताजा डाग बघितला आणि परत दिला.

त्या दिवशी तपासणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी कशालाही न शिवता यायचं ठरलं आणि रात्रभर आमच्या जिवात जीव नव्हता. कारण चहा हे कारण असेलच असं मुलीने म्हटलं नव्हतं, असू शकेल एवढंच म्हटलं होतं. सकाळी सासूबाई बाबांच्या मागे सावलीसारख्या होत्या, न्हाणीच्या दारापर्यंत. बाबा मशीनमधून डोकं धरून बाहेर आले. कुणाचं डोकं दुखतंय म्हणून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

फोन यायला तीन दिवस लागले. घंटी वाजली की सगळे जागच्या जागी थिजायचो. दोनदा तर नणंदेचाच फोन होता आणि तिने विनाकारण बोलणी खाल्ली. शेवटी चष्मेवालीचा आला. आकडा पहिल्या दोन वेळांइतकाच होता. मुलगी पुढे असंही म्हणाली की पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं, हा काही जन्मभराचा दाखला नव्हे. ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि अजून मनातून जात नाही. बाबा दाराशी किल्ली घेऊन उभे राहिले की अजूनही मी हातातलं काम सोडून बघत राहते.

भागीदाराने डबी परत केली. केशकर्तनालयाचा आरसा बाबांनी नव्याने कापला, एका रेघेत. मग सासूबाई त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि घासाघीस होऊन शेवटी दिवसाला एक कप मंजूर झाला, पोटभर खाल्ल्यावर, तोही घरीच. दुकानातला बंद. भागीदाराला सासूबाई स्वतः जाऊन दम देऊन आल्या.

परवा मी घरी होते. बाबा जेवून उठले होते आणि सासूबाईंनी त्यांचा कप आणून समोर ठेवला. तेवढ्यात शेजारीण आली. तिच्या नवऱ्याला डॉक्टरांनी चहा बंद केलाय, तो ऐकत नाही, म्हणून ती रडकुंडीला आली होती. "तुमच्या यांनी कसा हो सोडला?" तिने विचारलं.

सासूबाई गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी त्या इस्पितळानंतर दुसऱ्यांदाच बघत होते.

बाबांनी कप हळूच वर्तमानपत्राच्या आड सरकवला. "हिच्या एका शब्दावर," ते म्हणाले. "पुन्हा थेंबाला शिवलो नाही." आणि शेजारीण जाईपर्यंत त्यांनी तो चहा तसाच गार होऊ दिला.