दस्तगीर चाचांचं बोट

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते आणि नेमानं हसते. पिंपळाखालची बाई, आपोआप सुरू होणारा टीव्ही... अहो, टीव्ही आपोआप सुरू होतो तो रिमोटचं बटण अडकल्यामुळं, हे मी छातीठोकपणे सांगते. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक आधी माझ्या मागं कुणी पुरुष बसलाय का बघतं, मग नाइलाजानं माझ्याशी बोलतं. एकानं तर कुणीतरी करणी केलीय म्हणून लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधून आणलेली. मी लिंबू बाजूला काढलं, फॅनमधला धुरळा साफ केला, मशीन सुरू. त्या लिंबाचं सरबत करून प्याले, मला काही झालं नाही.

तर अशी मी. आणि तरी हे लिहायला बसलेय, कारण गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, माझ्याच टेबलावर जे झालं त्याचा मेळ मला अजून लागत नाही.

गडमुडशिंगीहून दस्तगीर चाचा आणि त्यांची मुलगी रेश्मा दुकानात आले. चाचा साठी ओलांडलेले, म्हशी राखणारे, गावात दुधाचा रतीब घालणारे. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला जुना काळा लॅपटॉप होता, कंपन्या वापरून काढून टाकतात ना, तसला दणकट. सुरू केला की पहिल्यांदा कुलपाचं चित्र यायचं. बायोस पासवर्ड... म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच मशीन तुम्हाला दारात अडवतं.

मी म्हटलं, चाचा, काळजी सोडा, असली कुलपं मी चहा पिता पिता काढते. रेश्मा म्हणाली, ताई, आधी ऐकून तर घ्या.

लॅपटॉप तिच्या भावाचा, इरफानचा. हा इरफान फुटबॉलच्या मॅचची कॉमेंट्री करायचा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, इथं मॅचवरनं सख्खे भाऊ आठवडाभर अबोला धरतात. माईकवर इरफान असला की लोक चेंडू सोडून त्याचंच ऐकायचे म्हणे. सराव मात्र तो घरी करायचा, गोठ्यात! वडील म्हशीची धार काढायला बसले की हा समोर लॅपटॉप उघडायचा, कॅमेरा लावायचा आणि त्या धारेचीच कॉमेंट्री करायचा. दोन वर्षांपूर्वी कागलजवळ हायवेवर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि पोरगा गेला. मोबाईलचा चुराडा झाला. राहिली ती या मशीनमधली गोठ्यातली रेकॉर्डिंगं.

इरफाननं मशीनलाही पासवर्ड घातलेला आणि आतल्या डिस्कलाही. वडिलांच्या पासवर्ड कुठला लक्षात राहतोय, म्हणून त्यांचं बोट नोंदवून ठेवलेलं. या जुन्या मशीनवर कीबोर्डच्या खाली एक बारीक पट्टी असते, तिच्यावरून बोट ओढलं की दोन्ही कुलपं उघडतात. पण चाचांचं बोट दाव्यानं आणि शेणामातीनं, म्हशी बांधून-सोडून इतकं घासलेलं की पट्टीला ते उमजेना. शेवटी इरफाननं बापाचं बोट स्वतःच्या हातात धरून, पुन्हा पुन्हा ओढून, एकदाचं नोंदवलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. दुसरं नोंदवायचा दोघांनाही कंटाळा आला. पोरगा गेल्यावर दर शुक्रवारी नमाज पढून आले की चाचा पट्टीवरून ते बोट ओढायचे आणि त्याला ऐकत बसायचे.

आणि दोन महिन्यांपूर्वी म्हशींची वैरण कापताना कडबाकुट्टीत नेमकं तेच बोट गेलं. पार मुळापासनं.

चाचांनी हात टेबलावर ठेवला. अंगठ्याशेजारी नुसती जागा होती. रेश्मा म्हणाली, ताई, हे नीट जेवत नाहीत, गोठ्यात पाऊल टाकत नाहीत, म्हशी मला बघाव्या लागतात. बोट गेल्याचं काही वाटत नाही त्यांना. पोराला मी माझ्या हातानं दुसऱ्यांदा घालवला, एवढंच म्हणत बसतात.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. बोर्डवरच्या चिपमधला पासवर्ड उडवणं माझ्या डाव्या हाताचा मळ आहे. पण डिस्कला घातलेला पासवर्ड डिस्कच्याच पोटात असतो. ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी तोंड उघडत नाही. पुसता येते, पण मग आतलं सगळं पुसलं जातं, इरफानसकट. म्हणून मी मागचं झाकण खोललं, पण आत कशालाच हात लावला नाही. इरफानचे सवयीचे सगळे पासवर्ड रेश्मानं घरी घालून बघितलेले. मी चाचांची उरलेली बोटं एकेक करून पट्टीवरून ओढायला लावली. दर वेळी शेजारचा दिवा लालच. डेटा काढून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला, त्यानंही हात वर केले. मग मी सरळ सांगून टाकलं, चाचा, हे होणार नाही. खोटी आशा लावायची सवय मला नाही.

चाचांनी तो हात पुन्हा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ताई, ते बोट अजून हाय. रातचं खाजतंय. पाण्यात हात घातला की गार लागतंय."

हे मला माहीत होतं. हातपाय तुटला तरी मेंदूला ते लगेच पटत नाही, डॉक्टर सांगतात तसं. मी चाचांनाही समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, एकदा तेबी ओढून बघू का? म्हटलं, बघा की. म्हाताऱ्याचं समाधान, दुसरं काय. मी झाकणाचे स्क्रू गोळा करायला लागले होते.

चाचांनी हात सदऱ्याला पुसला आणि पट्टीवर धरला. बाकीची बोटं मिटलेली. जिथं ते बोट असायला हवं होतं तिथं काहीच नाही... पट्टी आणि हात यांच्यामध्ये चांगली इंचभर मोकळी हवा. त्यांनी हात सावकाश मागं ओढला.

दिवा हिरवा झाला.

रेश्मा तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. आणि मी काय केलं असेल? मी ओरडले, वायरला कुणी हात लावू नका! भीती-बिती सगळी नंतर. आधी बाहेरची डिस्क जोडली आणि आतलं सगळं कॉपीला टाकलं. कॉपी झाल्यावर चाचा म्हणाले, एक लावा की.

लावलं. अंधारा गोठा, म्हशीची पाठ आणि दणदणीत आवाज... "आणि मंडळी, मैदानात उतरलेत आमचे अब्बा! बादली गुडघ्यात, नजर समोर... म्हशीनं शेपटी मारली, पंचांचं लक्ष न्हाय! अब्बा, जरा हिकडं बघा की!" त्यावर रेकॉर्डिंगमधले चाचा म्हणतात, गप की रे. आणि माझ्या दुकानात बसलेले चाचाही त्याच क्षणी म्हणाले, गप की रे. हसत होते. मी रडले, सांगायला लाज कसली.

मग माझी खोड गेली नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. कुलूप परत आलेलं. माझी बोटं ओढली, ओला टॉवेल ओढला, तसाच नुसता हात वरून फिरवला. हिरवा दिवा काही लागेना. ती पट्टी फोटो काढत नाही, तिला कातडी टेकावी लागते, मध्ये कागद घातला तरी चालत नाही. चाचांना म्हटलं, अजून एकदा. त्यांनी पुन्हा ती रिकामी जागा ओढली आणि पुन्हा हिरवा. पट्टी बिघडली म्हणावं तर ती सगळ्यांनाच उघडायला हवी होती. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मी नंतर किती वेळा थांबवून थांबवून बघितलं. मधली हवा स्पष्ट दिसते. माझा इंजिनिअर भाऊ म्हणतो, कॅमेऱ्याचा कोन तसा असेल. मी काय कॅमेऱ्यातनं बघत होते का? मी तर समोर बसलेले!

जाताना मी चाचांना म्हटलं, रेकॉर्डिंगं आता दुसरीकडं सुखरूप आहेत. चिप साफ करते, नवी डिस्क टाकते, मशीनला कुलूपच राहणार नाही. उघडायला तुम्हाला कुणाची गरज लागणार नाही.

चाचांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेतला.

"कुलूप ऱ्हाऊ दे, ताई," ते म्हणाले. "मी कुठं वढलं? कुणीतरी धरून वढलं. बारका हुता तवा माझं बोट धरून चालायचा... आता बी तेवढ्यासाठीच येतोय. कुलूपच काढलं, तर कशाला येईल?"

मी स्क्रू परत लावले आणि मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. दिवा हिरवा का झाला, त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर खुशाल दुकानात या, चहा पाजते, वादही घालते. पण ते कुलूप काढायला मात्र मला सांगू नका.