संडासातला फुगा आणि मामाजी

साकोलीत आम्ही भाड्याने राहत होतो, त्या घरात साखळी ओढली की पाणी येणारा संडास होता. ऐंशीच्या आसपास आमच्या गल्लीत तसा तो एकच. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका आधी संडास बघून घ्यायच्या, मग कुंकू लावून घ्यायच्या.

भिंतीवर उंच लोखंडी टाकी, आत दांडीला लावलेला पितळेचा फुगा. पाणी चढलं की फुग्याने वर यायचं आणि नळ बंद करायचा, एवढंच त्याचं काम. तेही तो करेना. टाकी काठोकाठ भरून वाहायची आणि पाणी बरोबर खाली बसलेल्याच्या डोक्यावर पडायचं. सासरे करडी या आमच्या गावाहून धानाची कापणी आटोपून आले होते. दोन दिवस ते छत्री घेऊन आत गेले. तिसऱ्या दिवशी मुलाला म्हणाले, "खालून हागनं अन् वरून आंघोळ! कोनी सांगतलं होतं तुले शहरात राहाले?"

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना ते फार लागलं. रविवारी पक्कड घेऊन ते स्टुलावर चढले आणि मला तरंगणाऱ्या वस्तूंचा सगळा धडा ऐकवत त्यांनी दांडी वर वाकवली. टाकी पहिल्यापेक्षा जोरात वाहिली, ह्यांच्या चष्म्यावरून, बनियनमध्ये. मग रागारागाने त्यांनी दांडी इतकी खाली वाकवली की लोटाभर पाणी आलं की नळ बंद. साखळी ओढली की टाकी नुसती खाकरायची.

"पाण्याची बचत," हे म्हणाले आणि डोकं पुसायला गेले.

चार दिवस मी बादल्या ओतल्या. पाचव्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मीच स्टूल लावलं.

आता अडचण अशी, की लग्नाला तीन वर्षं होऊनही मामाजी, म्हणजे सासरे, आणि मी एकमेकांशी सरळ बोललो नव्हतो. तशी रीतच होती. मी डोक्यावर पदर घ्यायची, आणि त्यांना भाजी हवी असली की ते भिंतीला सांगायचे, "भाजी असन तं वाढा म्हना." त्या दिवशीही ते दाराशी पाठ करून उभे राहिले आणि अंगणाला म्हणाले, "पडन बाप्पा ते."

तेवढ्यात स्टूल डगमगलं.

"मामाजी, स्टूल धरा ना!" मी ओरडले.

ते आत आले, खाली बसले, दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"किती भरली?" त्यांनी खालून विचारलं.

"अर्धी पन नाही."

"मंग दांडी वर कर. जरासी. धानाच्या बांधीत पानी सोडतो तसं, पाह्यत पाह्यत."

मी पदर खोचला आणि दांडी वाकवली. जरा जास्तच वाकली. टाकी भरली आणि वाहिली.

"अवं, माह्या टकल्यावर!"

"मंग सरका ना बाजूले! डोळे कायले मिटून बसले?"

बोलून गेले आणि मी जीभ चावली. सासऱ्यांना असं कोणी बोलतं? पण खालून आवाज आला तो हसण्याचा. ते इतके हसले की स्टूल पुन्हा हलायला लागलं. मीही वर टाकीला धरून हसत सुटले.

मग दांडी केसभर खाली घेतली. पाणी चढत गेलं आणि काठाच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं.

"ओढ साखळी!"

धो धो पाणी आलं. आम्ही दोघं संडासात उभे राहून टाकी पुन्हा भरताना ऐकत होतो. नळ आपसूक बंद झाला, तेव्हा मामाजींनी धोतराने टक्कल पुसलं आणि म्हणाले, "जमलं पोरी."

संध्याकाळी हे आत जाऊन आले ते छाती फुगवूनच.

"दांडीला बसायला चार दिवस लागतातच," त्यांनी आम्हाला समजावलं.

"हो ना," मामाजी म्हणाले. चहाचा एक घोट घेतला आणि मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, साखर कमी टाकत जा वं. तीन वर्सांपासून सांगीन म्हनून राहिलो."