घाटाच्या माथ्यावर पाटी घेऊन

जत्रा, सर्कस, कुस्त्यांचा फड, पुढाऱ्यांची सभा, जिथे म्हणून माणसं हौसेनं गर्दी करतात तिथे मला घाम फुटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून मर्दुमकीची अपेक्षा करू नये. लहानपणी तळेगावला सर्कस आली होती. बाकीची पोरं वाघ बघत होती आणि मी तंबूचा मधला खांब बघत होते. तो पडला तर आपण कुठल्या बाजूनं पळायचं, याचा विचार खेळ संपेपर्यंत चालला होता. भोसरीच्या जत्रेत वडिलांनी मला कुस्त्या दिसाव्यात म्हणून एका बैलगाडीत उभं केलं, तर एका पैलवानाची मान दुसऱ्याच्या काखेत अडकलेली बघून मी असा गळा काढला की वडिलांना कुस्ती अर्धी टाकून परतावं लागलं.

वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते. आम्ही मूळचे कोकणातले, डेपोच्या चाळीत वाढलेले. त्याच डेपोत काम करणारा, चाकणजवळच्या एका गावातला मुलगा त्यांनी माझ्यासाठी पाहिला. मुलगा नोकरीचा, घर शेतीचं, चांगलं खाऊनपिऊन सुखी. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नुकता उभा राहत होता, आणि चाकणच्या बाजूला कांद्याबटाट्याच्या शेतांखेरीज काही नव्हतं. हे आठवडाभर देहूरोडला खोली करून राहत आणि शनिवारी सायकल हाणत गावी येत. मी सासूसासऱ्यांजवळ.

घराला शर्यतीच्या गाड्याचा नाद आहे, हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. चार बैल होते. नांगराला लावायचे नाहीत, मोटेला लावायचे नाहीत, नुसते खाऊ घालायचे आणि चैत्रातल्या जत्रेत घाटात पळवायचे. घाट म्हणजे गावाबाहेर माळावर केलेली चढाची सरळ वाट, दोन्ही बाजूंना मातीचे बांध, बांधांवर माणसं. पुढं दोन बैल, मागं दोन, त्यांच्यामागं हलकासा गाडा, त्यावर माणूस नाही. आणि बैलांच्या पुढं एक घोडीस्वार. घोडी पळते, तिच्यामागं बैल पळतात. आमच्या घरातला हा घोडीस्वार कोण, तर माझे यजमान. आठवडाभर डेपोत पेट्या मोजणारा माणूस.

गोठ्यात शिरायची माझी छाती होत नसे. सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं. "आगं, खात न्हाईत ती. घे ह्यो उंडा, दे त्येच्या तोंडात," म्हणून कणीक आणि गुळाचा गोळा त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी डोळे मिटून हात पुढं केला. खरखरीत जीभ मनगटापर्यंत आली. रोज संध्याकाळी हे काम माझ्याकडं लागलं. भीती गेली नाही, पण बैलांना माझी सवय झाली. मी उंड्यांची पाटी घेऊन अंगणात आले की चौघंही दावणीला हिसके देत, आणि मी दोन पावलं मागं सरत असे.

आमच्याकडं एक रीत होती. बैलांना खाऊ घालणारं माणूस शर्यतीच्या दिवशी घाटाच्या माथ्यावर, शर्यत जिथे संपते त्या निशाणाच्या पलीकडं, वाटेच्या मधोमध पाटी घेऊन उभं राहायचं. बैल आपल्या माणसाकडं सरळ पळतात, रेघ सोडत नाहीत. आजवर तिथे सासरे उभे राहत. त्यांना मी मामा म्हणत असे. त्या वर्षी बैल त्यांच्यापेक्षा माझ्या हातचं जास्त खात होते, हे सगळ्यांनी पाहिलेलं. जत्रेच्या आदल्या दिवशी मामा ओट्यावर बसून सहज म्हणाले, "उंद्या पोरगी हुबी ऱ्हाईल वर."

चुलतसासरे म्हणाले, "बाईमाणूस? घाटात?"

"बैलास्नी काय कळतंय, बाई का गडी?"

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी नव्या सुनेनं काय बोलावं? मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, ती तशीच परातीत राहिली. संध्याकाळी हे आले, तर त्यांना आनंदच झाला. "तू नुसती उभी राहा," म्हणाले. "घोडी मी बाजूला घेईन. बैल थांबतात बरोबर."

"नाही थांबले तर?"

"थांबतात गं."

दुसऱ्या दिवशी घाटावर गेलो तर माणसांचा समुद्र. कुठून कुठून आलेले लोक, बैलगाड्या सोडलेल्या, रेवड्यांची दुकानं, भंडारा उधळलेला. बायका लांब उतारावर बसलेल्या. त्यांच्यात जाऊन बसावं आणि डोक्यावरून पदर घेऊन डोळे मिटावेत, एवढीच माझी इच्छा होती. आत्यांनी मला माथ्यावर आणून सोडलं आणि कानात सांगितलं, "हलू नगंस. तू हललीस तर बैल बावरत्यात. मंग पुढं घोडीवर कोण हाय, ध्येनात ठेव." एवढं सांगून त्या बायकांत जाऊन बसल्या.

म्हणजे मी हलले तर यांच्या जिवाला धोका, आणि न हलले तर माझ्या.

आमच्या आधी बाकीच्यांच्या बाऱ्या झाल्या. तेव्हा मी बांधाशी अंग चोरून उभी होते, आणि घाट किती लवकर संपतो ते पाहत होते. खालून धुरळा उठतो, लोक ओरडतात, आणि ओरडणं संपायच्या आत बैल वर आलेले असतात. पायाखालची जमीन आधी हलते, आवाज नंतर येतो. एका गाड्याचं चाक बांधावर चढलं आणि लोक पाण्यासारखे बाजूला झाले. सगळे हसत होते. मला त्या हसण्याचा राग आला. माणसं मरतील ना, असं मी बाजूच्या म्हाताऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "मग काय, जत्राच हाय."

आमची बारी आली. मी वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिले. दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडं बघायला लागली, कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. बांधावर उजव्या हाताला, बरेच खाली, मामा दिसले. लालभडक पटका बांधलेला, अंगात नवा सदरा. आजवर त्यांना शर्यत बांधावरून कधी बघायला मिळाली नव्हती. ते लहान मुलासारखे टाचा उंचावून खाली बघत होते. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

खाली हाताचा इशारा झाला आणि गाडा सुटला.

पहिल्यांदा नुसता धुरळा. मग त्यातून घोडीचं तोंड, त्यावर वाकलेले हे, आणि मागं दोनामागं दोन अशी चार डोकी. बैल माझ्याकडं बघत होते. कुणी म्हणेल, पळणारा बैल काय बघतो? बघत होते. माझ्या हातातल्या पाटीकडं बघत होते. देवाचं नाव घ्यायला गेले तर एकाही देवाचं नाव आठवलं नाही.

लोक ओरडायला लागले. गाडा वेगात होता, असा कधी पळाला नव्हता म्हणे. आणि निशाण अजून बरंच लांब असताना मामांनी डोक्यावरचा पटका सोडला आणि आनंदानं वर भिरकावला. जिंकल्यावर पटका उडवायचा ही आमच्याकडची चाल, पण ती गाडा निशाण ओलांडल्यावर. तो लांबलचक पटका वाऱ्यावर उलगडला, तरंगत तरंगत वाटेवर आला आणि घोडीच्या पुढ्यात उतरला.

घोडी बुजली. दोन्ही पुढचे पाय रोवून जागच्या जागी थांबली, आणि हे तिच्या मानेवरून खाली आले. घोडी बाजूला पळाली. हे वाटेच्या मधोमध पडले होते. त्यांच्यामागं बैल, त्यांच्यापुढं मी. तिघंही एका रेघेत.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगते. मी पळाले. यांना वाचवायला नाही. यांचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. डाव्या बाजूला बांधात लोकांना यायला-जायला ठेवलेली एक फट होती, तिच्याकडं मी जीव घेऊन पळाले. पाटी टाकून द्यायचंही सुचलं नाही, ती छातीशी धरलेली होती. तिथली माणसं केव्हाच पांगली होती. फटीतून मी बाहेर, नांगरलेल्या शेतात, ढेकळांत ठेचकाळत पळतेय आणि मागं जमीन हलतेय. माझ्या हे ध्यानातच आलं नाही की मी जिकडं जाईन तिकडं ते येणार.

लुगडं पायात आलं आणि मी तोंडावर पडले. पाटी लांब उडाली. आता संपलं, असं वाटून मी दोन्ही हात डोक्यावर घेतले. मग बराच वेळ काही झालं नाही. जवळच कुणीतरी मोठमोठे श्वास टाकत होतं. डोळे उघडले तर माझ्या खांद्याशी बैलाचं तोंड. चौघंही ढेकळांत विखुरलेले उंडे शोधून खात होते. मागं गाडा उलटा पडलेला, एक चाक नाहीसं झालेलं. मला उठता येईना. एका बैलानं माझा हात चाटला, तेव्हा मी मोठ्यानं रडायला लागले.

बैल फटीकडं वळले म्हणून गाड्याचं चाक यांच्या डोक्यापासून हातभरावरून गेलं. खांद्याचं हाड मोडलं, तेवढ्यावर भागलं. लोकांनी मला उचलूनच आणलं. "वैनीनं बैल वळवलं," असं जो तो सांगत होता. मी म्हणत होते, "अहो, मी भिऊन पळाले." ते हसले. आत्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली. हे कण्हत कण्हत म्हणाले, "बघ, तू आहेस तर मला काळजी नाही." तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली. हा माणूस माझ्या भरवशावर घोडीवर बसणार होता, आणि भरवसा ठेवण्यासारखं माझ्यात काही नव्हतं.

पटका कुणाचा होता हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मामांनीही नाही.

वर्ष गेलं. खांदा बसला, नवं चाक आलं, पुन्हा चैत्र आला. घोडी दुसऱ्याच्या हातात द्यायला हे तयार नव्हते. मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, काही उपयोग झाला नाही. तेव्हा जत्रेच्या सकाळी मी मनाचा हिय्या केला. मामा गोठ्यात एकटे बैलांच्या शिंगांना तेल लावत होते. मी दारातून म्हटलं, "मामा, मी आज उभी राहणार नाही. तुम्ही राहा."

"का गं पोरी?"

"मला भीती वाटते. गेल्या वर्षी मी पळाले. सगळे म्हणतात तसं काही नव्हतं. आजही पळेन, आणि भलत्याच बाजूला पळेन."

मामा शिंग चोळतच राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला बी वाटायची. इतकी वर्सं हुबा ऱ्हायलो, दर साली वाटायचं आता पोरगं पडतंय. हात नुसतं कापायचं. कुनाला दिसू नये म्हनून पाटी पोटाशी धरायचो. मंग तू आलीस. म्या म्हनलं, सुटलो." त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला. "पाटी तुज्या हातात दिली आन् माजी भीती पार गेली बघ. बांदावर हुबा ऱ्हायलो तर पोरगं हाय का काय, त्येचा बी इसर पडला. पटका उडिवला तवाच ध्येनात आलं."

मामा दावणीला टेकले.

"आता मी वर हुबा ऱ्हायलो तरी मला भ्या वाटंल का न्हाई, ठावं न्हाई," ते म्हणाले. "तुला वाटतंय. तूच ऱ्हा."

सुटका मागायला गेले होते. बाहेर हे घोडीला खरारा करत होते, शीळ घालत होते. मी उंड्यांची पाटी उचलली. हात थरथरत होते. मामांनी ते पाहिलं, आणि त्यांना हायसं वाटलेलं मला स्पष्ट दिसलं.