न उसवणारी शिवण

माझ्या मामाला सगळी गल्ली डबलटीप म्हणते, तेही तोंडावर. तो ओ देतो. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात त्याची एकतीस वर्षं गेली आणि या एकतीस वर्षांत त्याने एकदाही एकेरी टीप मारली नाही. कव्हर किती टिकेल असं गिऱ्हाइकाने विचारलं की तो मशीनवरची मान वर न करता म्हणे, "गाडी भंगारात जाईल. मग कव्हर काढून घरी न्या, सोफ्याला घाला."

दुकान एका शटरएवढं. आत एक मशीन, रेक्झिनचे गुंडाळे आणि भिंतभर टांगलेले पुठ्ठ्याचे साचे. प्रत्येक गाडीचा वेगळा साचा, आणि ज्यांची कव्हरं त्यावरून शिवली त्यांचे फोन नंबर साच्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले. सगळ्यात जास्त नंबर छोट्या गाड्यांच्या साच्यांमागे. मोठ्या गाडीला कंपनीच झुळझुळीत सीट देते, हौस करायची राहते ती छोटीवाल्यांची, असं मामाचं म्हणणं.

त्यातली एक छोटी गाडी चार वर्षांपूर्वी आली. तिच्या पुढच्या सीटच्या कडेला कापडाची नखाएवढी पट्टी होती, तिच्यावर 'एअरबॅग' लिहिलेलं. कव्हर घातल्यावर ती पट्टी झाकली जाई आणि लोकांना ते रुचत नसे. वरच्या दर्जाचं मॉडेल घेतलंय ते दिसायला नको का? मामाने तोडगा काढला. मूळ सीटवरची पट्टी ब्लेडने अलगद उसवायची आणि आपल्या कव्हरवर, बरोबर त्याच जागी, दुहेरी टीप मारून बसवायची. लोक खूश झाले. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. औषधवाल्या ताईही त्यांतल्याच. मामाच्या रक्तदाबाच्या गोळ्या तो मागायच्या आधी काउंटरवर काढून ठेवणाऱ्या.

ताईंचा अपघात चौकात झाला. सकाळी दुकान उघडायला निघाल्या होत्या. बाजूच्या रस्त्याने एक उंच, मोठी गाडी सिग्नल तोडून आली आणि सरळ त्यांच्या दारावर आदळली. मोठ्या गाडीत चौघे होते. एकाचा ओठ फाटला. चौघेही आपापलं दार उघडून उतरले. ताईंना बाहेर काढायला दार कापावं लागलं, आणि तोवर त्या गेल्या होत्या.

गल्लीत दोन दिवस तोच विषय. छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, असं चहावाला म्हणाला. त्याच्याकडे सायकल आहे.

मी त्याच आठवड्यात मामाकडे सुट्टीला गेले होते. गाड्यांच्या धडकेत आतल्या माणसाचं काय होतं, याची गणितं संगणकावर करण्याची माझी नोकरी. घरातली पहिली इंजिनिअर म्हणून मामाला माझं कोण कौतुक. समोरच्या गॅरेजमध्ये ताईंची गाडी आणून ठेवली होती. तिथल्या डेंटरने, म्हणजे पोचलेला पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याने, आम्हाला हाक मारली.

"मामा, या! तुमची कारागिरी बघून जा. गाडीचं पार भजं झालं, पण तुमची एक टीप हलली नाही."

त्याने हे खरोखर कौतुकानेच म्हटलं. चालकाची सीट बाहेर काढून ठेवली होती. कव्हर ताणलेलं आणि एका कडेला विचित्र फुगलेलं. मी हात लावला. डेंटरने मागची चेन उघडली तेव्हा आतून पांढरं कापड बाहेर लोळलं. एअरबॅगची पिशवी उडाली होती, पण बाहेर यायला वाट न मिळाल्याने फोम फाडून सीटच्या पाठीमागच्या बाजूला घुसली होती. ताई आणि दार यांच्यामध्ये यायचं सोडून.

आणि मी बोलत सुटले. मला ठाऊक असलेलं काहीतरी समोर प्रत्यक्ष दिसत होतं, त्याचाच उत्साह. म्हटलं, या पिशवीला फुगायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ नसतो. कंपनी तिथली शिवण मुद्दाम कच्ची ठेवते, पिशवीने फाडून बाहेर यावं म्हणून. कव्हर घालायचंच तर तिथे कच्चा दोरा हवा नाहीतर उघडी फट हवी. ही टीप इतकी पक्की आहे की...

तिथे मी मामाकडे पाहिलं. तो कव्हरवरच्या त्या नखाएवढ्या पट्टीवर अंगठा फिरवत होता.

दुकानात आल्यावर त्याने विचारलं, "उघडली असती तर वाचली असती?"

"सांगता येत नाही, मामा."

"एवढी शिकलीस ना तू?"

"शिकले म्हणूनच म्हणते. ती गाडी ताईंच्या गाडीच्या दुपटीने जड होती. तिचं नाक दाराच्या उंबऱ्याच्या वर, थेट बरगड्यांच्या उंचीला आलं. समोरून धडक बसली तर चुरगळायला पुढे हातभर गाडी असते. बाजूने नुसतं दार. मोठ्या गाड्यांत छताच्या कडेतूनही पिशवी उतरते, पडद्यासारखी. ताईंकडे त्या बाजूला ही एकच होती."

"आणि ती मी शिवून टाकली."

दहातल्या किती वेळा वाचल्या असत्या तेवढं तरी सांग, म्हणून तो मागे लागला. मला एकही आकडा छातीठोकपणे सांगता आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या गाडीचा साचा भिंतीवरून उतरवला आणि मागचे नंबर फिरवायला घेतले. आणखी कुणाचा जीव जायच्या आत ती सगळी कव्हरं उसवायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"काय मामा, धंदा मंदावलाय वाटतं? नवीन कव्हरं गळ्यात मारताय?"

"अहो, फुकट उसवून देतो."

"फुकट म्हणताय म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे."

दुसरा म्हणाला, त्या बाजूला माझी सासू बसते, राहू द्या तसंच. आणि स्वतःच खदाखदा हसला. तिसऱ्याने गाडी विकली होती, कुणाला ते त्याला आठवत नव्हतं. एक बाई सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "पण मामा, त्याच्यावर एअरबॅग असं लिहिलंय की."

तरी काही जण आले. मामाने कडेची टीप उसवली आणि मी सांगितल्याप्रमाणे तिथे बारीक सुती दोऱ्याने एकेरी टीप घातली. ते करताना त्याचे हात अवघडत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो वाईट शिवत होता, आणि चांगलं व्हावं म्हणून.

त्याला सगळ्यात आधी उसवायची होती ती माझ्या मामेबहिणीच्या गाडीची कव्हरं. जावयाने निमूटपणे करून घेतलं. महिन्याभराने मामीचा मला फोन आला. "अगं, ते शिवलेलं सगळं फाटलं. माणूस चढता-उतरता तिथेच तर घासतो. जावई म्हणतात, मामांना दिसेनासं झालंय बहुतेक. कोपऱ्यावरच्या नव्या दुकानातून शिवून आणलं त्यांनी."

"पक्कं?"

"पक्कंच शिवतो म्हणे तो. मशीनच तसली आहे त्याची."

असंच इतरांचंही झालं. रागावून कुणी मामाकडे परत आलं नाही, एवढाच काय तो चांगुलपणा. सगळे गुपचूप कोपऱ्यावर गेले. मामा त्या दुकानदाराकडेही जाऊन आला. तो म्हणाला, "मामा, कच्चं शिवलं तर गिऱ्हाईक माझ्याकडे येईल का? तुमच्याकडे येतंय का?"

चार महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा ताईंचे मिस्टर दुकानात आले. बाहेर नवी गाडी उभी होती, त्याच मापाची. दुसरी झेपली नसेल.

"मामा, कव्हरं घालायचीत," ते म्हणाले. "पहिल्यासारखीच. आमच्या गाडीत बाकी काही उरलं नव्हतं. तुमचं काम तेवढं जसंच्या तसं होतं."

मी मामाच्या दंडाला हात लावला. नको सांगूस, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याने हात बाजूला केला, गिऱ्हाइकासाठी असलेली खुर्ची पुढे ओढली आणि ते बसल्यावर सगळं सांगितलं. पट्टीचं, पिशवीचं, दोऱ्याचं. मध्ये थांबला नाही, माफीही मागितली नाही. माफी मागून भागावं इतकं ते छोटं वाटत नसावं त्याला.

मिस्टरांनी शेजारच्या रेक्झिनच्या गुंडाळ्याची सुटलेली कड आत खोचली.

"कव्हरं मी घालायला लावली होती," ते म्हणाले. "ती नको म्हणत होती. गरम होतं म्हणायची. सीट मळेल म्हणून मीच मागे लागलो." मग, "इतके दिवस त्या मोठ्या गाडीवाल्याला शिव्या घालत होतो, मामा. तेवढं एक बरं चाललं होतं माझं."

मामाची मान खाली गेली.

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही यातल्या ना? मग सांगा. कव्हर घातलं नाही तर मी वाचेन?"

खोटं बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. मी म्हटलं, "धडकणारी गाडी केवढी आहे, त्यावर आहे."

"म्हणजे माझ्या हातात काही नाही."

"काही थोडं आहे."

"थोडं," ते म्हणाले, आणि उठले.

गल्ली अरुंद, गाडी मागे काढायला त्रास. मामा बाहेर येऊन उभा राहिला आणि हाताने इशारा करू लागला. येऊ द्या, येऊ द्या, उजवीकडे घ्या, अजून, बस. उघड्या सीटवर अजून कंपनीचं प्लॅस्टिक होतं, ते आतून चकाकत होतं. मागून एक मोठी गाडी हॉर्न वाजवत आली. मामाने तिला हात करून थांबवलं. ती थांबली. छोटी गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि त्याने हात खाली घेतला. पुढचं त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.