साहेबांच्या कॉम्प्युटरला लावलेला मोबाइल

"मावशी, साहेबांच्या कॉम्प्युटरला रोज सकाळी साडेसातला एक मोबाइल लागतो. तो तुमचाच हाय ना?" कॉम्प्युटर तपासायला येणाऱ्या माणसानं साहेबांसमोरच विचारलं.

चितेगावच्या एका कंपनीत मी झाडलोट करते. सकाळी भिंतीवरचे प्लग बंद असतात. साहेबांचा कॉम्प्युटर मात्र कायम चालू, म्हणून मी त्यालाच मोबाइल चार्जिंगला लावायची. काय लावलं, कधी लावलं, याची कॉम्प्युटर नोंद ठेवतो, हे मला काय माहीत?

हा माणूस दर महिन्याला त्या नोंदी तपासायला यायचा. कुणाच्या खुर्चीवर बसायचा नाही, वाकूनच काम करायचा. चहा दिला की "ठेवा, ठेवा" म्हणायचा आणि पार गार झाल्यावर प्यायचा. मला तो कधी आवडला नाही.

साहेब ओरडले, "हिनं मोबाइलमध्ये आपली मशीनची ड्रॉइंगं चोरली! पोलिसात देतो हिला."

"नुसतं चार्जिंग झालंय साहेब, एक फाइल गेली नाय," तो म्हणाला. "आन् कॉम्प्युटरला बाहेरचं काही लावलं तरी ते चालूच नये, अशी सोय करणं माझं काम होतं. ते राहिलं. लिहून देतो."

त्यानं तिथंच उभ्यानं लिहून दिलं. कॉम्प्युटरला काही लावू नका, असं त्यानं आम्हाला दोनदा बजावलं होतं. ते मी साहेबांना सांगितलं नाही.

त्याला काढलं. मी अजून कामावर आहे.