टीममध्ये माणसं किती होती

आमच्या टीममध्ये सुरुवातीला तीन माणसं होती. गाडी चालवणारा इंग्रज, तिचं इंजिन बांधणारा माझा नवरा आणि मी. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे हा आकडा बदलत गेला आणि बदलताना मला कुणी विचारलं नाही. नवऱ्याला मी जन्मभर 'अहो' म्हटलं. इथे 'तो' म्हणणार आहे. एवढी सूट मी स्वतःला दिली आहे. ज्यांना खटकेल त्यांना खटको.

साठच्या दशकात आम्ही मुंबईहून इंग्लंडमधल्या स्लाऊला आलो. तिकडे मी मराठी शाळेत चौथीला गणित शिकवायचे; इकडे बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणारे डबे मोजायचे. नवरा ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, फिटर होता. इंग्रजाचं भंगारचं आवार आमच्या घरामागे. नवरा एकदा कार्ब्युरेटर शोधायला तिथे गेला आणि पुढची बारा वर्षं घरी जेमतेम झोपायला आला.

स्टॉक कार हा प्रकार मी आधी कधी पाहिला नव्हता. जुन्या गाडीच्या काचा, सीट सगळं उपटून टाकायचं, पुढेमागे लोखंडाचे जाड बंपर ठोकायचे आणि लहानशा गोल मैदानात तिशेक गाड्यांनी एकमेकींना ढकलत पळायचं. ढकलणं नियमातच बसतं. गाडीच्या टपाच्या रंगावरून चालवणाऱ्याची पत कळते: नवखा पांढरा, मग पिवळा, मग निळा आणि सगळ्यांत वर लाल. पॉइंट जमतील तसा रंग बदलायचा. लाल टपवाल्यांना सर्वांत मागून सुटावं लागतं, तरी प्रत्येकाला लालच हवा असतो. माणसाची जात सगळीकडे सारखीच.

रेस शनिवारी असायच्या. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू; शनिवार आमचा शब्बाथ, कामाला हात न लावण्याचा दिवस. सासऱ्यांना मुंबईला पत्र जायचं की शनिवारी मुलगा घरीच असतो. ते पत्र मी लिहायचे आणि त्या वेळी नवरा टेबलाखाली पाय हलवत बसायचा.

माझं काम दुसऱ्याच रेसला ठरलं. कोण कितव्या नंबरवर आलं हे सांगणं सोपं नव्हतं. सतरा-अठरा सेकंदांत एक फेरी, पुढचे मागच्यांना गाठून एक फेरी जास्त मारतात, मध्येच दहा गाड्या एकमेकींवर चढतात. मैदानावरचा अधिकृत माणूस नोंद ठेवायचा, पण त्याची चूक झाली तर आपल्याकडे कागद हवा. म्हणून मी रेघांची वही घेऊन कठड्याशी उभी राहायचे आणि दर फेरीला गाड्या जशा जातील तसे त्यांचे नंबर एकाखाली एक लिहायचे. समासात गाडीची अवस्था: आज कोणतं इंजिन, धूर किती, गिअर कुठे अडकला. डबे मोजणाऱ्या बाईला हे अवघड नव्हतं.

मी मराठी आकड्यांत लिहायचे. हात त्याच आकड्यांना सरावलेला. इंग्रजी आकडा काढायला निमिषभर जास्त लागायचं आणि तेवढ्यात दोन गाड्या निसटायच्या. वही घरातच तर राहणार, कुणाला दाखवायची आहे, असं मला वाटलं. ही माझी चूक, आणि ती मी मान्य करते. बाकीच्या चुका ज्यांच्या त्यांनी मान्य कराव्यात.

टप पिवळा झाला तेव्हा मी नवसाचा मलिदा केला, आमच्याकडचे गूळखोबऱ्याचे पोहे. पोहे मिळेनात, म्हणून इथले लोक दुधातल्या पुडिंगला वापरतात तो चपटा तांदूळ भिजवला. गूळ नव्हता, काळपट साखर घातली. खोबरं पुडीतलं. इंग्रजाच्या आवारातल्या शेडमध्येच वर्कबेंचवर ताट मांडून नवऱ्याने प्रार्थना म्हटली आणि इंग्रज टोपी काढून उभा राहिला. नंतर त्याने तीन बशा मलिदा खाल्ला. मग पिवळा रंग मी माझ्या हाताने दिला, दोन हात. त्या दिवशी आम्ही तिघं होतो, यात कुणालाच शंका नव्हती. मला तो दिवस आठवला की अजून राग येतो, कारण मी तेव्हा खरंच सुखात होते.

पुढच्या दोन वर्षांत टप निळा झाला. मग एका मोसमाच्या शेवटच्या रेसला अशी वेळ आली की पहिल्या तिघांत आलो तर लाल. वीस फेऱ्यांची रेस. तेराव्या फेरीला नेमकं रेषेजवळ सात-आठ गाड्यांचं कडबोळं झालं, लाल माती उडाली, आणि आमची गाडी त्या धुरळ्यातून कठड्याला घासत पुढे निघाली. मी नंबर लिहिला. अधिकृत माणसाला तो दिसला नाही. निकाल लागला तेव्हा आमची एक फेरी कमी, आम्ही अकरावे. माझ्या वहीप्रमाणे दुसरे.

तक्रार करायला आम्ही तिघं पंचांच्या चाकांवरच्या कचेरीत, कॅरॅव्हॅनमध्ये गेलो. पंच म्हातारा होता, वाईट नव्हता. त्याने वही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. दाराशी उभा असलेला दुसऱ्या टीमचा माणूस डोकावून हसला आणि म्हणाला, ही तर धोब्याची यादी दिसते. पंच हसला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "ही बाई कोण? तुमची लॅप चार्टर आहे का, फेऱ्या नोंदणारी?"

त्या कॅरॅव्हॅनमध्ये ते आकडे वाचता येणारी दोन माणसं होती. एक मी. मी तोंड उघडलं, "पहिली फेरी" इतकं इंग्रजीत म्हणाले, तेवढ्यात नवऱ्याने माझ्या कोपराला धरलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तू गप्प बस जरा." मग पंचाकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "टीम आम्हा दोघांची आहे. बायको आपली गंमत म्हणून लिहिते." इंग्रजाने मान डोलावली. पंचाने वही मिटून मला परत दिली. थँक यू, मॅडम.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी मूग गिळून बसले. नुसतं त्याच्यावर खापर फोडणार नाही. मला वाचता येत होतं, बोलता येत होतं, चाळीस पोरांचा वर्ग गप्प करता येत होता. तरी मी कोपर सोडवून घेतलं नाही. परत येताना व्हॅनमध्ये नवरा म्हणाला, "लोक हसत होते गं. वाद घालून आपलंच हसं झालं असतं." म्हणजे लाल टप गेला तरी चालेल, पण बायकोचे मराठी आकडे चारचौघांत वाचायची त्याला लाज वाटली.

लाल टप पुढच्या वर्षी मिळालाच. तो रंग मी दिला नाही. गाडी स्प्रे पेंटिंगला गेली. नंतर सगळं भराभर वाढलं. टायरच्या एका व्यापाऱ्याने पाठिंबा दिला, इंग्रजाने भंगारचं आवार बंद करून रेसिंग हाच धंदा केला, दुसरी गाडी आली, दोन्ही गाड्या चढवायला लॉरी आली. पाठीवर टीमचं नाव शिवलेली सहा जाकिटं आली. नोंदी ठेवायला इंग्रजाची मेव्हणी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभी राहू लागली. टीमचा फोटो काढायचा ठरला तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. कॅमेरा माझ्या हातात दिला. मी काढला. सगळ्यांचे पाय कापले गेले. ते मुद्दाम होतं.

पण वही मी सोडली नव्हती. सँडविचं वाटून झाली की मागे कुठेतरी उभी राहून लिहायचे, नेहमीच्या आकड्यांत.

मग व्यापाऱ्याने स्वतःचा इंजिनवाला आणला, तरुण, कॉलेजात शिकलेला. नवऱ्याला टायर बदलायला लावलं. एका मोसमानंतर त्याचीही गरज उरली नाही. भांडण नाही, काही नाही. शनिवारी न्यायला यायची ती व्हॅन आलीच नाही. दोन शनिवार तो जाकीट घालून खिडकीत बसला. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

पुढे एका रविवारी सकाळी गावच्या पेपरात इंग्रजाची मुलाखत आली. मी एका शेडमध्ये एकट्याने सुरुवात केली, असं तो म्हणाला होता. नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि पेपर टेबलावर आपटला.

"एकट्याने? आणि इंजिन काय आपोआप बांधलं गेलं? अगं, तुझ्या वह्यांत सगळं आहे ना, कुठल्या रेसला माझं कुठलं इंजिन होतं ते? काढ बघू. मी एडिटरला लेटरच लिहितो."

"त्या मी आपल्या गंमत म्हणून लिहायचे," मी म्हणाले.

हे वाक्य मी कितीतरी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. म्हटल्यावर गार वाटेल असा माझा समज होता. त्याचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं, आणि तोंड कडूच राहिलं. मी वर जाऊन कपाटातून ती एकच वही आणली, ते पान उघडलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"अहो, वाचा. मोठ्याने."

त्याने चष्मा लावला आणि वाचलं. पहिल्या फेरीपासून, एकेक नंबर, बोट ठेवून. तेराव्या फेरीला आमच्या नंबरावर बोट थांबलं. मग पुढे गेला, विसाव्या फेरीपर्यंत. चहावर साय धरली होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आपण दुसरेच होतो." चष्मा काढून म्हणाला, "मी तेव्हा वाचायला हवं होतं गं." मी बाकीच्या सगळ्या वह्या खाली आणून दिल्या. दिवसभर टेबलाशी बसून त्याने पत्र लिहिलं. मी मुद्दाम डोकावले नाही. या वेळी तरी सांगावं लागू नये असं वाटत होतं.

पत्र पुढच्या आठवड्यात छापून आलं. टीम एकट्याची कधीच नव्हती, सुरुवातीपासून गाडी चालवणारा आणि इंजिन बांधणारा असे आम्ही दोघं होतो, असं त्यात लिहिलं होतं. त्या काळच्या प्रत्येक रेसची फेरीवार नोंद माझ्याकडे आहे, हवी तर येऊन पाहावी, असंही होतं. नोंद कोणी ठेवली ते नव्हतं. मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, राहून गेलं.